आत्याआजीच्या पोटातली हिरवी रेघ

पोटात अन्नाचा कण नाही, नळी बंद, पाण्याचा थेंबही दिलेला नाही, आणि तरी जठरात आम्ल वाढलं. सांगा बघू, कसं?

ठोकळ्याला विचाराल तर त्याचं उत्तर तयार होतं. "ही नोंद चुकीची आहे. नोंद पुसत आहे," तो म्हणाला.

"पुसू नकोस!" कावेरी ओरडली आणि हातातला अर्धा पेरू तिने पटकन पाठीमागे लपवला.

ठोकळा म्हणजे सोलापुरातल्या हिंगमिऱ्यांच्या घरातलं शुश्रूषायंत्र (आजारी माणसाची देखभाल करणारा यंत्रमानव). रुग्णालयाने तो पाठवला तेव्हा त्याचं नाव हे एवढं लांबलचक होतं. आत्याआजीने त्याच्याकडे एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं आणि 'ठोकळा' म्हणून मोकळी झाली. नाव शोभायचंही त्याला. चौकोनी धड, छातीवर पडदा, दोन लांब हात, आणि बोलणं असं की त्यापेक्षा सरकारी परिपत्रक परवडलं.

आत्याआजी म्हणजे कावेरीच्या बाबांची, विहानची आत्या, डॉ. प्राजक्ता हिंगमिरे. उभं आयुष्य तिने मज्जातंतूंवर (मेंदू आणि शरीर यांच्यात निरोपांची ने-आण करणाऱ्या तंतूंवर) संशोधन केलं. लग्न केलं नाही. कावेरीच्या बाबांची आई ते लहान असतानाच गेली, तेव्हा प्रयोगशाळा सांभाळून तिनेच त्यांना वाढवलं. जिभेला मात्र धार अशी की पाहुणे तिच्याशी जपून बोलायचे.

आणि आता तिच्या त्या जिभेला काही कामच उरलं नव्हतं. एका आजाराने तिची अन्ननलिका (घशापासून जठरापर्यंत घास नेणारी नळी) आकसून बंद झाली होती. घासच काय, थुंकीसुद्धा गिळता येत नव्हती. बिचारी उशाशी वाडगं घेऊन पडून असायची आणि त्यात थुंकायची. डॉक्टरांनी पोटाला छोटं भोक पाडून तिथून थेट जठरात एक नळी बसवली होती. ठोकळा त्या नळीतून पातळ अन्न सोडायचा. जठरात मसुराच्या दाण्याएवढा आम्लमापक होता. आत आम्ल किती आहे ते तो ठोकळ्याला कळवायचा आणि ठोकळ्याच्या पडद्यावर एक हिरवी रेघ वर-खाली व्हायची.

वर कसली, खालीच असायची ती. अन्न आत गेलं की थोडी हलायची, पण जेवढी चढायला हवी तेवढी कधी चढायची नाही. अन्न तसंच पडून राहायचं, पोट फुगायचं, आत्याआजीला मळमळायचं. वजन उतरत चाललं होतं. गालांची हाडं वर आली होती.

"अन्न योग्य. माप योग्य. वेळ योग्य," ठोकळा रोज सांगायचा. "सुधारणा नाही. रुग्णास केंद्रात हलवावे."

गावाबाहेर एक शुश्रूषाकेंद्र होतं. तिथे गेलेली म्हातारी माणसं सहसा परत येत नाहीत हे कावेरीला माहीत होतं. बाबांनी तिथे जागा सांगून ठेवली होती आणि परवा सकाळी गाडी यायची होती. घरात त्यावर कुणी बोलत नव्हतं. आई आत्याआजीच्या साड्यांच्या घड्या घालता घालता मध्येच थांबायची आणि डोळे पुसायची, एवढंच.

अशात आज ही रेघ वर गेली होती. अन्न द्यायला अजून अवकाश होता, आणि रेघ आपली चढतेच आहे!

कावेरीला वाटत होतं की हे सगळं आपल्यामुळे झालं.

हिंगमिऱ्यांच्या घरात एक नियम होता: आत्याआजीसमोर काहीही खायचं नाही. तिला खाता येत नाही आणि आपण तिच्यासमोर मिटक्या मारायच्या, हे काय माणुसकीचं आहे? शिवाय शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या की उपाशी माणसाच्या नजरेसमोर खाल्लं की अन्न बाधतं. म्हणून आई स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. सगळे आत बसून, ताटाचा आवाज न करता, चोरासारखे जेवायचे. वास जायला नको म्हणून आईने लसणाची फोडणीसुद्धा बंद केली होती.

आणि कावेरी आज शाळेतून आली ती थेट तिखट-मीठ लावलेला पेरू कराकरा चावत आत्याआजीच्या खोलीत शिरली. विसरलीच होती ती!

"आत्याआजी, चुकलं माझं," ती रडवेली होऊन म्हणाली. "मी पेरू खाल्ला म्हणून तुझं आम्ल वाढलं ना? आता तुला आणखी त्रास होणार."

आत्याआजी भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती सावकाश वळली. आधी तिने पेरूकडे बघितलं, मग पडद्याकडे. वाडग्यात थुंकली आणि हसली. हसणं काही गोड नव्हतं.

"चला, या घरात एकाला तरी उलगडलं," ती म्हणाली. "तेही चुकून. ठोकळ्या, ती नोंद पुसलीस तर तुझे हात काढून ठेवीन. बस गं तू इथे. त्रास होईल म्हणून कुणी सांगितलं?"

"आम्ल वाईटच असतं ना? छातीत जळजळलं की बाबा गोळी घेतात."

"नको तिथे चढलं की जळजळतं. जठरात ते हवंच. हायड्रोक्लोरिक आम्ल असतं ते, चांगलं जहाल. अन्नाबरोबर आलेले बरेचसे जंतू मारतं. डाळी-उसळींतली प्रथिनं उलगडून ठेवतं आणि पेप्सिनला (प्रथिनांचे तुकडे करणाऱ्या पाचकद्रव्याला) कामाला लावतं."

"मग जठराचेच तुकडे का होत नाहीत?"

"शाबास. आतून श्लेष्म्याचा (बुळबुळीत चिकट द्रवाचा) लेप असतो, म्हणून वाचतं. पण म्हणून चोवीस तास आम्लाने भरून ठेवलं तर लेपसुद्धा किती टिकणार? तेव्हा हवं तेव्हा हवं तेवढंच आम्ल सुटलं पाहिजे. आता सांग, जठराला कसं कळतं की वेळ झाली?"

"अन्न आत पडलं की कळत असेल."

"ठोकळ्याचंही हेच मत आहे," आत्याआजी म्हणाली. "मला सांग, पाहुणे येणार असं आधी कळलं की तुझी आई काय करते?"

"कुकर लावते. पुरणबिरण घालायचं असेल तर सकाळपासूनच मागे लागते."

"आणि न कळवता दारात उभे राहिले तर?"

कावेरीला हसू आलं. "मग घाईघाईत पोहे करते आणि आतल्या आत चिडते."

"माझं जठर तसंच चिडलंय. त्याच्याकडे रोज न कळवता पाहुणे येतात. नळीतून थेट आत! नाकाला पत्ता नाही, जिभेला पत्ता नाही, तर मेंदूला कुठून असणार?"

मग आत्याआजी उठून बसली. कितीतरी दिवसांनी बसली होती अशी. कावेरीने पाठीशी उशी लावून दिली.

"हे बघ. तू पेरू चावलास. त्याचा वास माझ्या नाकात आला, कराकरा आवाज कानात, तिखट-मीठ डोळ्यांना दिसलं. हे सगळं पोचलं मेंदूत. मेंदूचा मानेकडे उतरणारा खालचा भाग असतो ना, त्याला लंबमज्जा म्हणतात. तिथून एक लांबलचक चेता (मज्जातंतूंची जुडी) निघते. तिचं नाव व्हेगस. जुन्या लॅटिन भाषेत त्याचा अर्थ भटकी. मानेतून उतरते, हृदयाची विचारपूस करते, फुफ्फुसांकडे डोकावते आणि भटकत भटकत पोटात येते."

"आणि जठराला सांगते, आम्ल सोड!"

"सांगते, पण एकटी नाही सांगत. जठराच्या भिंतीत मज्जातंतूंचं स्वतःचं जाळं असतं. व्हेगसने त्याला जागं केलं की तंतूंच्या टोकांतून ॲसिटिलकोलिन झिरपतं. ते एक निरोप्या रसायन. ते थेट आम्ल बनवणाऱ्या पेशींना गाठतं. दुसरीकडे त्याच जाळ्याच्या सांगण्यावरून काही पेशी गॅस्ट्रिन सोडतात. ते संप्रेरक (रक्तातून फिरणारा रासायनिक निरोप). आणि तिसरं हिस्टामिन, ते आम्लपेशींच्या शेजारच्या पेशींतून येतं. एकाने सांगितलं तर पेशी जरा ढिम्मच असतात. तिघांनी मिळून धोशा लावला की धडाधड कामाला लागतात."

"आणि हे सगळं घास पोटात पडायच्या आधी?"

"आधी. जेवणासाठी जेवढं आम्ल लागतं त्यातला साधारण तिसरा हिस्सा असा नुसत्या चाहुलीवर सुटतो. बाकीचं काम अन्न आत गेल्यावर होतं. जठर ताणलं की भिंतीतलेच तंतू ते ओळखतात आणि आणखी आम्ल मागवतात. पुढे अन्न लहान आतड्यात सरकलं की आतडं उलटा निरोप धाडतं, पुरे आता, थांबा."

कावेरी विचारात पडली. मग तिने जो प्रश्न विचारला तो ऐकून आत्याआजीचा चेहरा बदलला.

"तुला हे सगळं आधीपासून माहीत होतं. मग तू सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं?" आत्याआजीचा आवाज कडवट झाला. "मला तुमच्या ताटांजवळ बसू द्या म्हणून? भाकरीचा वास द्या हो, म्हणून हात पसरायचे? जेवायची वेळ झाली की तुम्ही दार लावून घेता. मला दिसतं सगळं. म्हातारी वाडग्यात थुंकते, किळस येते, समजू शकते मी. पण मागून वास घ्यायची वेळ माझ्यावर आलेली नाही अजून."

"किळस?" कावेरी उभीच राहिली. "अगं, तुला त्रास होऊ नये म्हणून आई दार लावते! तुझ्या जिवाला लागेल म्हणून! आईने तर फोडणीपण सोडलीये. आम्ही सगळे ते पांचट वरण खातोय तुझ्यासाठी!"

आत्याआजी पांघरुणाचं टोक बोटांनी चुरगळत राहिली.

"मला एका शब्दाने विचारलं का कुणी?" शेवटी ती म्हणाली.

"तू तरी कुठे विचारलंस?"

उलट उत्तर केलं म्हणून एरवी रागावली असती, पण आत्याआजीने नुसतीच मान फिरवली.

कावेरी धावत आईकडे गेली. सगळं सांगून होईपर्यंत आईच्या डोळ्यांतून पाणी. "अगं बाई! मी दया म्हणून दार लावत होते आणि त्यांचं जठरच उपाशी ठेवत होते की!" आई म्हणाली. तिने रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, चावायला आणि चव घ्यायला हरकत नाही, पण चोथा थुंकलाच पाहिजे. गिळायचा प्रयत्न अजिबात नको, ठसका लागेल आणि ते जिवावर बेतेल. ठोकळ्याला शेजारी उभं करा. हे साधलं तर जिल्ह्यातल्या सगळ्या शुश्रूषायंत्रांना स्वयंपाकघराचा रस्ता दाखवावा लागेल, असंही त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आईने सकाळीच ज्वारीचं पीठ मळलं. तव्यावर भाकरी फुगली. शेंगाची चटणी झाली, आमटीला लसणाची चरचरीत फोडणी बसली, आणि घरभर असा वास सुटला की शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, कोण आलंय गं?

दार सताड उघडं होतं. आत्याआजी टेबलापाशी बसली होती, पुढ्यात ताट, बाजूला रिकामं वाडगं.

"सूचना. अन्न अद्याप दिलेले नाही," ठोकळा म्हणाला. "आम्ल वाढत आहे. कारण अज्ञात."

"कारण फोडणी!" कावेरी म्हणाली.

आत्याआजीने भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला आणि तोंडात घातला. चावत राहिली. डोळे मिटले. कितीतरी महिन्यांनी तिच्या जिभेवर तिखट आलं होतं. डोळ्यांतून पाणी आलं, पण ते चटणीचं नव्हतं. मग तिने चोथा वाडग्यात टाकला आणि दुसरा तुकडा मोडला. रेघ चढत होती. ठोकळ्याने नळीतून अन्न सोडायला सुरुवात केली.

आणि नेमके तेव्हाच बाबा आले. काल रात्री उशिरा आले आणि सकाळीच बाजारात गेले होते, त्यांना कशाची कल्पना नव्हती. दारात उभं राहून त्यांनी बघितलं, तर आत्या जेवणाच्या टेबलावर चावलेला घास वाडग्यात थुंकते आहे.

"शी! आत्या, हे काय चालवलंयस?"

तोंडातून निघून गेलं त्यांच्या. आत्याआजीचा हात हवेतच राहिला. हातातला तुकडा तिने ताटात ठेवला आणि ताट पुढे सरकवलं.

"बघितलंस कावेरी?" ती म्हणाली. "मी म्हणत होते तेच. ठोकळ्या, उद्याबिद्या सोड. गाडी आत्ताच बोलव."

"गाडी उद्या सकाळी नियोजित आहे," ठोकळा म्हणाला. "सूचना. आम्लनिर्मिती घटत आहे. अन्नात बदल नाही. कारण अज्ञात."

सगळ्यांनी पडद्याकडे बघितलं. इतका वेळ वर गेलेली रेघ खाली येत होती.

"अज्ञात नाहीये!" कावेरी ओरडली. तिला आता ते लख्ख कळलं होतं. "बाबा, तुम्ही शी म्हणालात म्हणून! जेवणाची चाहूल मेंदूकडून पोटाकडे जाते ना, तशी अपमानाची पण जाते. वाईट वाटलं की भटक्या चेतेचा निरोप मंदावत असणार. मग जठर काम टाकून देतं. हो ना, आत्याआजी?"

"हो," आत्याआजी म्हणाली. "शिवाय संकटात धावणारे दुसरे मज्जातंतू असतात, ते पोटाचं रक्त कमी करतात. मला वाटलं होतं हा भाग शिकवायची वेळ येणार नाही."

बाबा तसेच उभे होते, हातात भाजीची पिशवी. "मला बघवत नाही गं, आत्या," ते म्हणाले. "तू रोज वाळत चालली आहेस. मला बघवत नाही म्हणूनच तर..."

"म्हणूनच गाडी! तुला बघवत नाही म्हणून मी जायचं!" आत्याआजी म्हणाली. "चार वर्षांचा होतास तू. कारल्याचा घास तोंडात धरून बसायचास आणि माझ्या तळहातावर थुंकायचास. रोज. शी म्हणून उठून गेले होते का मी कधी?"

बाबांनी पिशवी खाली ठेवली. आत येऊन खुर्ची ओढली आणि आत्याआजीच्या बरोबर समोर बसले. आईने मुकाट्याने ताट वाढलं. त्यांनी भाकरी मोडली, आमटीत बुडवली. एकेक घास करत ते जेवत राहिले. बऱ्याच वेळाने आत्याआजीने ताट परत ओढलं. चावलं, थुंकलं. बाबांनी या वेळी तोंड फिरवलं नाही. लसणाचा वास होता, भाकरी मोडल्याचा आवाज होता. हळूहळू रेघ पुन्हा वर सरकायला लागली.

"ठोकळ्या," बाबा म्हणाले, "उद्याची गाडी नको म्हणून कळव."

"कारण नोंदवणे आवश्यक आहे."



"लिही, रुग्ण घरी जेवते," आत्याआजी म्हणाली.

बाबांनी पडद्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "आत्या, चुकलं माझं. आणि आता तुझा रागही गेलेला दिसतोय," ते रेघेकडे बोट दाखवून म्हणाले.

"ते माझं जठर आहे, विहान. भोळं आहे ते. समोर कुणी जेवायला बसलं की सगळं विसरतं. मी भोळी नाही. मी तुला अजून माफ केलेलं नाही."

"मग कधी करशील?"

"बघू. उद्या असाच समोर बस. परवाही बस."

बाबांनी मान हलवली. कावेरीने भाकरीचा पापुद्रा काढून आत्याआजीच्या ताटात ठेवला आणि आई दुसरी भाकरी टाकायला उठली.